शाल्मलीची लाल रेघ

चंद्रावर राहणाऱ्या मुलांची तशी चैनच असते. एका उडीत छताला हात लागतो, आणि एकदा उगवलेला सूर्य पृथ्वीवरचे दोन आठवडे मावळायचं नाव घेत नाही. पण शाल्मली कानडेला या चैनीचं काही कौतुक नव्हतं. तिला पृथ्वी बघायची होती, आणि नेमकी तीच दिसत नव्हती.

त्यांची वसाहत एका डोंगराच्या आड होती. पृथ्वी दिसायची ती डोंगरमाथ्यावरून. तिथे जायला अवकाश-पोशाख (श्वासाची हवा आणि ऊब सांभाळणारा बंद पोशाख) हवा, आणि त्यातला सगळ्यात छोटासुद्धा लहान मुलांना ढगळ व्हायचा. म्हणून बाहेरच्या दाराशी एक लाल रेघ मारलेली होती. डोकं रेघेला लागलं, की त्या मुलाला सगळी वसाहत वाजतगाजत दारापर्यंत सोडायला यायची. शाल्मलीच्या वर्गातली मुक्ता जाऊनही आली होती. "कशी दिसते गं?" असं विचारलं, तर बाईसाहेब नुसत्या हसल्या. आता याचा राग येणार नाही तर काय होईल?

शाल्मली हट्टालाच पेटली. वसाहतीत घंटा झाली की सगळे खिडक्यांचे जाड पडदे ओढत आणि त्यालाच रात्र म्हणत, मग बाहेर लख्ख ऊन का असेना. आईबाबा झोपले की ही पडद्याला फट पाडायची आणि त्या उन्हात दांड्याला लोंबकळत राहायची. लोंबकळलं की माणूस लांब होतो, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. चंद्रावर वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहावा हिस्साच भरतं, त्यामुळे वाळत घातलेल्या रुमालासारखी ती किती वेळ लटकली तरी हात दुखत नसत.

पण रेघ काही जवळ येईना. असं का व्हावं, हे कोडं तिला सुटेना.

मोजणीच्या दिवशी वत्सलाआत्या पट्टी घेऊन आली. ही बाबांची बहीण आणि वसाहतीची डॉक्टर. तिने पट्टीवरचा आकडा वाचला, खाली बघितलं, तर पोरगी भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेली.

आत्याने तिला दवाखान्यात नेलं आणि हातात नाचणीच्या पेजेची वाटी दिली. "खरं सांग, झोपतेस कधी?"

शाल्मलीने सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. "आत्या, मी कधीच वाढणार नाही का गं?"

"वाढशील की. पण उंची वाढवणं हे दांड्याचं काम नाही. तुझ्या मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे (ग्रंथी म्हणजे शरीराला लागणारी रसायनं बनवणारा अवयव). ती रक्तात वाढीचं संप्रेरक सोडते. संप्रेरक म्हणजे रसायनाच्या रूपातला निरोप. त्यालाच हॉर्मोन म्हणतात."

"निरोप कुणाला?"

"आपली घंटा सगळ्यांनाच ऐकू येते ना? पण ती ऐकून स्वयंपाकघरात शेगडी बंद होते आणि मळ्यात पाणी सुरू होतं. घंटा एकच, काम ज्याचं त्याचं. संप्रेरकही रक्तातून सगळीकडे फिरतं. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात (कूर्चा म्हणजे नाकाच्या शेंड्यात असते तसली लवचिक वस्तू). निरोप पोचला की तिथे नव्या पेशी तयार होतात, त्यांच्या जागी हाड बनतं, आणि तू उंच होतेस. गळ्यातली अवटू ग्रंथीसुद्धा आपलं संप्रेरक धाडून हातभार लावते."

"मग माझी घंटा वाजतच नाही का?"

"वाजते, पण हळू. ती सगळ्यात जोरात वाजते गाढ झोपेत. आणि नेमकी तेव्हाच तू दांड्यावर."

शाल्मलीला हसावं की रडावं कळेना. "म्हणजे आजपासून झोपले की लगेच रेघ?"

"झोप म्हणजे जादू नाही, बाळा. जेवण लागतं, खेळ लागतो, आईबाबांकडून आलेली ठेवण असते. तुझ्या बाबाला मी शाळेत बुटका म्हणून चिडवायचे. वयात येताना आणखी नवी संप्रेरकं कामाला लागली, आणि गडी माझ्या डोक्यावरून बघायला लागला. ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं असतं. तुझे पट्टे अजून छान वाढताहेत, मी तपासलंय."

त्या दिवशी घंटा झाल्यावर शाल्मलीने पडदा स्वतः ओढला. डोळे मिटले आणि तिला वाटलं, आत कुठेतरी खोल, अगदी लहानशी घंटा किणकिणतेय आणि तिचा नाद पायांच्या टोकापर्यंत उतरतोय. ऐकता ऐकता तिला झोप लागली.

रेघ लगेच काही आली नाही. मुक्ताचा वाढदिवस येऊन गेला, मळ्यातले टोमॅटो दोनदा पिकले. मग एका मोजणीला आत्याने पट्टी बाजूला ठेवली आणि तिला जवळ घेतलं.

डोंगरमाथ्यावर दोघी उभ्या राहिल्या. समोर काळ्या आकाशात पृथ्वी होती. अर्धी निळी, अर्धी अंधारात बुडालेली. मुक्ता नुसती का हसली, ते शाल्मलीला आता कळलं.

"कशी आहे?" कानातल्या यंत्रातून आत्याने विचारलं.

"आत्या, त्या काळ्या बाजूला रात्र आहे ना? तिथली मुलं झोपली असतील."

"हो, झोपली असतील."

"म्हणजे आत्ता ती वाढताहेत."

त्यानंतर परत फिरेपर्यंत शाल्मली कुजबुजतच बोलत होती. उगाच कुणाची झोप मोडायला नको.