आठ की नऊ

प्रिंटरमधून निघालेली पानं उचलून ती जागेवर आली, तेव्हा कळलं की ती तिची नाहीतच. चिपचा आराखडा कारखान्यात जाण्याआधी त्याच्या चाचण्या लिहायच्या, हे तिचं काम. ही पानंही कुणाच्या तरी चाचणीचीच होती. परत ठेवून द्यावीत... पण तिसऱ्या पानावरची एक ओळ नजरेत खुपली. निरोप साठवून ठेवणाऱ्या रांगेची ओळ. चौकटी कंसात डॉलर, कोलन आणि आठ. शेजारी टीप – ‘आठ जागा’.

तिने लाल पेन काढलं. “मोजणी शून्यापासून असते. कोलननंतरचा आकडा शेवटच्या जागेचा. या नऊ झाल्या.” एवढं लिहून ती पानं जिथल्या तिथे ठेवून आली.

अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरचा एक उंच माणूस ते पान घेऊन टेबलाटेबलापाशी थांबत तिच्यापर्यंत आला. ऑफिसात त्याला सगळे मौनी म्हणत.

“हे लाल अक्षर तुमचं?”

“माझंच. काही चुकलं?”

“माझं चुकलं. चिपमध्ये जागा आठच आहेत. माझी चाचणी नववा निरोपही धरून बसायची आणि चिपने तो हरवला म्हणून बोंब मारायची. तीन दिवस मी चिपलाच नावं ठेवतोय. चार वाजता साहेबांना सांगणार होतो, महिनाभर काम थांबवा.”

“आता काय सांगणार?”

“जे झालं ते.”

आणि त्याने खरंच सांगितलं. भर बैठकीत, तिच्यादेखत, काही न लपवता – चूक माझी, पकडली यांनी. तीन दिवस वाया गेले म्हणून साहेबांचा चेहरा उतरला, पण काम थांबलं नाही. ती मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारं माणूस तिने कुठे पाहिलं होतं!

मग मौनी दर दोन दिवसांनी पानं घेऊन खाली येऊ लागला. तिच्या घरी ताईला प्रत्येक भेटीचा वृत्तांत मिळू लागला. “मौनी म्हणे,” ताई हसली, “बोलतो तर केवढं!”

एके दुपारी तिने त्याचं नवं पान वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

“हा डायनॅमिक ॲरे आहे. कंस रिकामा, म्हणजे जागा अजून ठरलेल्याच नाहीत. आधी ‘न्यू’ लिहून जागा घ्यायची, मग आत काही ठेवायचं. तुम्ही थेट चौथ्या जागेवर ठेवताय. हे तुम्हाला माहीत नाही?”

“माहीत आहे.”

“मग?”

तो खिडकीबाहेर बघू लागला. “तुम्ही... काय लिहिता, ते वाचायचं असतं.”

ती गालातल्या गालात हसली. पण गोष्ट अर्धवट सोडणाऱ्यांतली ती नव्हती.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “बैठकीत उभे राहिलात ना, त्या दिवसापासून. आता तुमचं सांगा – आणि कागदावर नको.”

त्याचे कान लाल झाले. तरी या वेळी नजर तिच्यावरून हलली नाही.

“मलाही... तू. फार.”

बोलून झाल्यावर त्याला कळलं, आपण ‘तू’ म्हणालो. तो सावरायच्या आत तिने डबा उचलला.

“चल,” ती म्हणाली, “जेवायला. मला भूक लागलीय, आणि तुझ्या डब्यात काय असतं ते अजून एकदाही सांगितलं नाहीस.”