अर्धी कॉलर

गुलमंडीवर बन्सीशेठच्या दुकानात मी साबणाची वडी नाकाशी धरून उभी होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई, साबण हाय तो. पेढा नाय."

मी वळूनही बघितलं नाही. वडीवर नखानं रेघ ओढली, ओलं बोट घासलं, बोट पुन्हा नाकाशी नेलं. मग म्हटलं, "पेढा असता तरी असाच बघितला असता. यात शंखजिरं फार आहे. वजनाला साबण, कामाला माती."

बन्सीशेठला एकाएकी खोकला लागला. तेव्हा कुठं मी मागं बघितलं. उंच, सावळा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि कान लालभडक. बन्सीशेठ खोकत खोकत म्हणाला की हे सूर्यभान, चितेगावचे, आणि ही वडी यांच्याच कढईतली.

आता माझे कान लाल व्हायला हवे होते. पण मी पडले हट्टी. बोललेला शब्द मागं घ्यायची मला लहानपणापासून सवय नाही.

"बिनशंखजिऱ्याची आणून देतो," तो म्हणाला. "मग तर बघाल?"

"बघू की," मी म्हटलं, आणि घरचा पत्ता सांगून टाकला. संघाच्या कामासाठी, दुसरं काही नाही… असं मी तेव्हा स्वतःला बजावलं होतं.

हा संघ म्हणजे औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीतल्या बायकांचा. आता हे शहर छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा औरंगाबाद होतं, आणि घरोघरी टीव्ही यायचे होते. चहा, हिंग, तिखट, दंतमंजन, साबण सगळं गल्लीनं मिळून घाऊक आणायचं आणि वाटून घ्यायचं, अशी आमच्या मनकर्णाकाकूंची शिस्त. पण आणण्याआधी माल पारखायचा. ते काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेज संपवून घरी होते आणि माझं नाक तिखट होतं. जीभही होती, असं आई म्हणायची.

हिंग मी ज्योतीवर धरून बघायची, तिखट पाण्यात टाकून. साबणाची परीक्षा मात्र आप्पांच्या कॉलरीवर. आप्पा, म्हणजे माझे वडील, कलेक्टर कचेरीत होते. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची अर्धी कॉलर एका साबणानं धुवायची, अर्धी दुसऱ्यानं, आणि वाळल्यावर उजेडात धरायची. कधीकधी आप्पा घाईत तोच शर्ट घालून कचेरीत जायचे, मानेच्या एका बाजूला उजळ आणि एका बाजूला मळकट. माझ्या मुलीच्या नादानं मी अर्धाच स्वच्छ राहिलो, असं ते चारचौघांत सांगत.

तर ज्येष्ठात एके दिवशी सूर्यभान आला. लुनावर, मोटेचा छाप असलेली वडी कागदात गुंडाळून. आणि आठवड्यानं निकाल ऐकायला पुन्हा आला.

मी कॉलर दाखवली नाही. दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. कॉस्टिक जास्त झालं होतं. कातडी सोलवटून लाल झाली होती. मी काहीतरी खमंग बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण त्याचा चेहरा बघितला आणि ते तोंडातच राहिलं.

"लई झोंबलं का?"

"भाकरी थापता येत नव्हती."

त्यानं समोरचा चहा घेतला नाही. बराच वेळ नुसता माझ्या हातांकडे बघत बसला. मला हात मागं घ्यायला सुचलं नाही, आणि तेही आईच्या देखत.

त्यानंतर दर आठवड्याला त्याची लुना आमच्या दारात. आणि दर आठवड्याला माझा निकाल एकच… नापास. एक वडी साबणदाणीत विरघळून लापशी झाली. एकीला करंजाच्या तेलाचा असा वास की कचेरीत आप्पांना कुणीतरी विचारलं, सांधे धरलेत का. एक मधोमध तडकली. एकीनं आप्पांच्या बनियनला पिवळी झाक आणली. प्रत्येक दोष मी त्याला नीट समजावून सांगायची, आणि तो मान हलवत ऐकायचा, मधूनच वर बघायचा आणि लगेच कॉलरीकडे बघायचा.

"म्हंजे सोडा कमी पडला म्हणता?"

"मी काय म्हणणार. कढई तुमची."

"कढई माझी हाय, पण नाक तर तुमचंच चालतंय ना."

असलं बोलून तो इतका गंभीर चेहरा करायचा की हसावं की नाही ते कळायचं नाही. भाद्रपदात एकदा दिवसभर झड लागली होती. आज काही येत नाही, असं मी आईला उगाचच चारदा सांगितलं. संध्याकाळी फाटक वाजलं. तो नखशिखांत भिजलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि शर्टाच्या आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कोरडी वडी काढून त्यानं माझ्या हातात ठेवली. वडी गरम लागली. त्याच्या अंगाची ऊब तिला होती, हे लक्षात आलं आणि मी ती पटकन कट्ट्यावर ठेवून टॉवेल आणायला आत पळाले.

त्याच संध्याकाळी चहा पिताना त्यानं सांगितलं की त्याचे वडील, तात्यासाहेब, यांना हा साबणाचा उद्योग मुळीच पसंत नाही. दिवाळीपर्यंत शहराचं बांधलेलं गिऱ्हाईक धर, नाहीतर कढई मोडीत घाल आणि औत धर, असं त्यांनी बजावलंय. शहराचं गिऱ्हाईक म्हणजे आमचा संघ, हे त्यानं सांगायची गरज नव्हती. इकडे मनकर्णाकाकूंनीही ठरवलं होतं की दसऱ्याच्या बैठकीत साबणाचा निकाल लावायचा. या मुलाचा नाही जमला, तर एका मोठ्या कारखान्याचा एजंट तयारच होता.

त्यानंतर मला झोप नीट लागेना. त्याचा साबण पास व्हावा म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडायची, आणि सकाळी कॉलर उजेडात धरली की खोटं बोलवत नसे. माझ्या शब्दावर अख्खी गल्ली पैसे टाकायची. त्याच्यासाठी मी तो शब्द कसा विकू? पण नाही विकला तर तो जाईल. चितेगाव काही लांब नाही, पण औत धरलेला माणूस औरंगपुऱ्यात कशाला येईल?

दसऱ्याच्या आधी मी सरूमावशीकडे पडेगावला गेले. मावशीच्या विहिरीचं पाणी जड. त्यात डाळ शिजायची नाही आणि साबणाला फेस यायचा नाही. मी विहिरीवर धुणं घेऊन बसले, आणि बघते तर हातात भरभरून फेस, पांढराशुभ्र. कपडा पिळला तर एका पाण्यात स्वच्छ. वडी घट्ट, वासही मंद. मी ती उलटी करून बघितली. वर मोटेचा छाप होता.

मोट छाप… सूर्यभानचाच.

मावशीला विचारलं तर ती सहज म्हणाली, "आखाडापासून ह्योच वापरतो गं आमी. छावणीच्या बाजारात आणतो तो चितेगावचा पोरगा. लई गुणाचा हाय."

आषाढापासून. म्हणजे माझे हात सोलवटले त्यानंतर लगेच त्याला साबण जमला होता. आणि तेव्हापासून तो आमच्याकडे काय आणत होता? लापशी होणारी, तडकणारी, करंजाच्या वासाची. मला आधी राग आला. एवढा राग, की वडी विहिरीत फेकावी. संघाची, माझी, माझ्या कॉलरींची थट्टा. मग फेस हातावरून ओघळला आणि मी हातांकडे बघितलं. मऊ होते, कुठं ओरखडा नाही. इतक्या वड्या बिघडल्या, पण पहिल्या वडीनंतर एकही वडी माझ्या हाताला झोंबली नव्हती. दोष त्यानं सगळे करून बघितले, तेवढा एक सोडून.

मी विहिरीच्या काठावर ओल्या कपड्यांत तशीच बसून राहिले. मावशीनं दोनदा हाक मारली, तीही नीट ऐकू आली नाही.

दसऱ्याची बैठक आमच्याच अंगणात झाली. गल्लीतल्या बायका सतरंजीवर, मनकर्णाकाकू मध्ये, आणि सूर्यभान नळापाशी उभा. त्यानं शेवटची वडी माझ्या हातात दिली आणि मान खाली घातली. मी आप्पांची कॉलर भिजवली. फेस आला, तोच… भरभरून, पांढरा. आज त्यानं खरी वडी आणली होती. संघाचं गिऱ्हाईक मिळणार, कढई वाचणार, आणि उद्यापासून त्याला आमच्या दारात यायचं कारण उरणार नाही, हे त्यानं पत्करलं होतं. त्याच्याकडे बघितलं तर तो माझ्या हातांकडेच बघत होता.

"बोल गं द्वारका," काकू म्हणाल्या. "काय निकाल?"

"साबण पास," मी म्हटलं. "बनवणारा नापास."

मी पिशवीतून मावशीकडची झिजलेली वडी काढली आणि नव्या वडीशेजारी ठेवली. पडेगावला आषाढापासून हीच वडी मिळते, हे सांगितलं. आपल्याकडे मुद्दाम बिघडवलेली येत होती, हेही सांगितलं.

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. "खरं का रे?"

"व्हय," तो म्हणाला.

"आणि ते का म्हणून?"

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "चांगली दिली असती… तर पुढल्या आठवड्याला काय घेऊन आलो असतो?"

अंगणात कुणीतरी बांगड्या सारख्या केल्या, तेवढाच आवाज. माझा चेहरा इतका तापला की नळाखाली धरावासा वाटला. काकू मात्र काकू होत्या. त्या म्हणाल्या की तुमचं काय ते असेल, पण ज्यानं जाणूनबुजून खराब माल दिला त्याच्यावर गल्लीनं विश्वास कसा ठेवायचा? उद्या पुन्हा याचं मन कुठं गुंतलं तर? दोघीतिघींनी माना डोलावल्या. एजंटाचं नावही निघालं. सूर्यभाननं आपली पिशवी उचलली.

आता बोलले नाही तर हा जाईल, एवढंच मला कळलं.

"माझ्या जबाबदारीवर घ्या," मी म्हटलं. "प्रत्येक घाण्यावर मी नजर ठेवीन. खराब वडी बाहेर पडली तर मला विचारा."

"रोज चितेगावला जाणार का तू?"

"रोज कशाला जायचं…" मी म्हटलं. "तिथंच राहिलं तर?"

पिशवी त्याच्या हातातून खाली पडली. मला वाटलं होतं की बायका हसतील, पण कुणी हसलं नाही. मनकर्णाकाकूंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे डोळे भरले होते. दाराच्या आड आप्पा उभे होते हे मला ठाऊकच नव्हतं. ते बाहेर आले, त्या अर्ध्या धुतलेल्या कॉलरीकडे बघितलं, आणि म्हणाले, "जाऊ दे बाई हिला. माझे शर्ट तरी पुरते धुतले जातील."

तो समोर आला तेव्हा बायका मुद्दाम सतरंजी झटकायला लागल्या होत्या. त्यानं माझे दोन्ही तळहात उलटे करून बघितले, पहिल्या निकालाच्या वेळी बघितले होते तसेच.

"झोंबलं नाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

या सगळ्याला किती काळ लोटला. मोट छाप वाढला, एका शेडच्या दोन शेड झाल्या, तात्यासाहेबांनी स्वतः गिऱ्हाइकांना साबण दाखवायला सुरुवात केली. मग पावडरी आल्या, यंत्रं आली, आणि वडीनं धुणं धुणारी घरं एकेक करून कमी झाली. शेड बंद करताना मी रडले, हे रडले नाहीत. पण दर दिवाळीच्या आधी हे परसात छोटी कढई मांडतात, आणि पहिली वडी माझ्यासमोर ठेवून शेजारी बसतात. आणि मी त्यांचाच शर्ट घेऊन अर्धी कॉलर धुते.

यंदाची वडी हातात घेताच कळलं. मऊ राहिली होती. छाप तिरका, मोटेचा दोर वडीबाहेर गेलेला.

"मऊ झालीय," मी म्हटलं.

"मुद्दाम केलीय," हे लगेच म्हणाले. "जुनी सवय."

मुद्दाम केली नव्हती. कॉस्टिक मापताना त्यांचा हात कसा थरथरत होता, मापाच्या रेघेकडे ते किती वेळ डोळे बारीक करून बघत होते, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. जास्त पडून माझ्या हाताला झोंबेल, या भीतीनं त्यांनी कमीच घातलं होतं. कॉलर धुतली, पिळली, उजेडात धरली. मळ जिथल्या तिथं होता.

उभ्या आयुष्यात मी खराब साबण कधी पास केला नव्हता.

"काय निकाल?" त्यांनी विचारलं. कान तसेच लाल.

"पास."

त्यांनी वडी उचलून तिच्या तिरक्या छापावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "मग पुढल्या आठवड्याला काय घेऊन येऊ?"

मी ओले हात पदराला पुसले आणि त्यांचा थरथरता हात हातात घेतला.

"नुसते या," मी म्हटलं.