दातवाल्याच्या फाटकावरची खूण

“मोटार आणली असेल तर मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या दुकानात न्या. इथं दात करतात.”

फाटकाच्या आतून आलेलं हे वाक्य इतक्या सरावानं म्हटलं गेलं होतं, की ते रोज म्हटलं जात असणार, याविषयी तिला शंका उरली नाही. ती जागीच थांबली. हातातल्या फोनच्या नकाशावर एक लाल खूण होती. ती खूण बरोबर या फाटकावर उतरली होती, आणि खुणेखाली तिच्याच दुकानाचं नाव होतं.

“मी मोटार आणलेली नाही,” ती म्हणाली. “मी मोटारवाली आहे.”

फाटक उघडलं. तिशीतला एक उंच माणूस समोर उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांवर वाळलेलं पांढरं प्लास्टर, आणि कपाळावर सरकवलेलं भिंग.

“म्हणजे… ते दुकान खरंच आहे?”

“चौतीस वर्षं आहे. इथून बाराशे चाळीस पावलांवर. मी आत्ताच मोजत आले.”

“मोजत?”

“मोजल्याशिवाय चूक कळत नाही.” तिनं खांद्यावरची पिशवी सावरली. “आत्तापर्यंत जे आले, त्या सगळ्यांना तुम्ही काय सांगितलंत?”

“आत्ता तुम्हाला सांगितलं, तेच.” त्यानं मान खाली घातली. “मला वाटलं, दुकान कधीच बंद झालं असेल.”

“रोज किती जण?”

“दोन. कधी तीन.”

“कधीपासून?”

“मी राहायला आल्यापासून… आठ महिने.”

तिनं क्षणभर डोळे मिटले. “पाचशेच्या आसपास. मोठ्या दुकानानं नेमलंय का हो तुम्हाला?”

“नेमलं असतं, तर निदान चहा तरी पाजला असता त्यांनी.”

तिला हसायचं नव्हतं. तरी हसू आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

पंपाच्या, पंख्याच्या, मिक्सरच्या जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढून नवी तांब्याची तार भरणं, हा तिच्या वडिलांचा व्यवसाय. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांना कंप सुटला आणि तार तिच्या हाती आली. काम तिला उत्तम येत होतं. पण कामाचं टेबल दिवसेंदिवस रिकामं पडत चाललं होतं. जुनी गिऱ्हाइकं पांगली होती. नवी माणसं कोणाला विचारत नाहीत, फोनला विचारतात. दुसऱ्या गावी असलेल्या दादानं तिच्यासाठी तिथल्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जागा बघून ठेवली होती. वडिलांनीही सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत टेबल असंच राहिलं, तर शटर ओढायचं आणि तिनं दादाकडं जायचं.

“गिऱ्हाईक येत नाही असं नाही, बाबा,” तिनं तेव्हा ठासून सांगितलं होतं. “गिऱ्हाईक पोचत नाही. आणि ते का पोचत नाही, हे मी शोधून काढणार.”

मग तिनं वही केली. बसथांब्यावर, बाजारात, दवाखान्यापाशी, शाळेच्या कोपऱ्यावर उभं राहून ती फोनवर ‘जवळची मोटार दुरुस्ती’ असं शोधायची आणि आपलं दुकान कितव्या क्रमांकावर दिसतं, ते लिहायची. बाजारात बारावं. दवाखान्यापाशी नववं. मोठं दुकान सगळीकडं पहिलं. एके दिवशी तिला सुचलं, की दुकानातून निघून, अनोळखी गिऱ्हाईक होऊन नकाशा सांगेल तसं चालून बघावं. आणि नकाशानं तिला दातवाल्याच्या फाटकावर आणून सोडलं.

घरी आल्यावर तिनं वडिलांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

“त्या घरात आधी एक शिक्षिका राहायच्या. मी त्यांचा पंप बसवत होतो. त्या म्हणाल्या, काका, तुमचं दुकान फोनवर घालून देते. सगळं भरलं. शेवटी फोननं विचारलं, ‘आत्ता आहात तीच जागा का?’ त्यांनी मला ओरडून विचारलं. मी टाकीत वाकलो होतो. मी म्हटलं, हो, तीच.”

“बाबा!”

“अगं, मी होतोच तिथं! खोटं कशाला सांगू?”

त्यांच्या प्रामाणिकपणापुढं तिनं हात टेकले आणि त्याच संध्याकाळी जागा बदलण्याचा अर्ज भरला. उत्तर आलं ते असं: पडताळणीचा पाच आकडी क्रमांक टपालानं पाठवण्यात येईल, दोन आठवडे लागतील, आणि पत्र सध्या नोंदलेल्या पत्त्यावरच जाईल.

म्हणजे दातवाल्याकडं.

“तुमच्या घरी माझं पत्र येणार आहे,” दुसऱ्या दिवशी ती फाटकातूनच म्हणाली.

“आठ महिन्यांत मला कोणाचं पत्र आलेलं नाही. येऊ दे की.”

“हसू नका. महिना संपायला अठरा दिवस आहेत. तोपर्यंत जे येतील, त्यांना माझ्याकडं पाठवायचं. समजलं?”

“समजलं, मोटारवाल्या बाई.”

तो नुसता पाठवत नव्हता. ज्याला वजन उचलवत नसेल त्याची मोटार तो ठेवून घ्यायचा, नाव-नंबर चिठ्ठीवर लिहून वर बांधायचा, आणि दुकान बंद केल्यावर ती येऊन घेऊन जायची. मोटार दोन मिनिटांत उचलता आली असती. तिला अर्धा तास लागू लागला. त्याच्या फळीवर मेणात बसवलेले दात ओळीनं मांडलेले असत. तो दंतवैद्यांसाठी कवळ्या करायचा, त्यामुळं ज्यांच्यासाठी काम केलं त्यांचं तोंडही त्यानं कधी पाहिलेलं नसे.

“कंटाळा येत नाही? एवढे दात, आणि हसणारं कोणी नाही.”

“येत होता,” तो म्हणाला. आणि भिंग डोळ्यावर ओढून घेतलं. थोडं जास्तच घाईनं.

बाहेर बारीक पाऊस लागला होता. पत्र्यावर त्याचा एकसारखा आवाज. तिनं एका मोटारीचं झाकण उघडून आतले तारेचे वेढे मोजायला घेतले.

“तुम्ही मोजताना ओठ हलवता.”

“तुम्ही दात करा. ओठांकडं काय बघताय?”

“दात बसवायचे तर ओठ बघावेच लागतात. धंद्याचा भाग आहे.”

“मी तुमच्याकडं दात बसवायला आलेली नाही.”

“नाही ना… तेच तर.”

ती वेढे मोजत कुठवर आली होती, ते विसरली. असं याआधी कधी झालं नव्हतं.

एकदा तो म्हणाला, “तुमच्या दुकानाखाली तीनच लोकांनी मत लिहिलंय. मोठ्या दुकानाखाली चारशे. मी लिहू का? ‘अप्रतिम काम’?”

“मी तुमचं काय दुरुस्त केलंय?”

“अजून काही नाही.”

“मग लिहायचं नाही. ज्याचं काम झालंय, त्यालाच मी सांगणार. एकेकाला, तोंडानं.”

आणि ती खरोखर सांगत राहिली. मोटार परत देताना, शरम बाजूला ठेवून, प्रत्येकाला. पाच जणांनी लिहिलं. मग नऊ. बाजारात दुकान बाराव्यावरून आठव्यावर आलं. पण खूण अजून फाटकावरच होती आणि दातवाला रोज घरी असणार नव्हता. एक दिवस तो दंतवैद्याकडं गेला होता, तेव्हा तिघं जण फाटकाला हात लावून परतले. त्यातला एक जण तर ‘दुकान अस्तित्वात नाही’ असं लिहूनही गेला. ते वाचून वडिलांनी दादाला फोन लावला आणि ते व्हरांड्यात गेले.

महिना संपायला चार दिवस उरले, त्या सकाळी तो पहिल्यांदाच तिच्या दुकानात आला. दाराशी थांबला. हातात पाकीट होतं.

“आलं!” ती टेबलामागून जवळजवळ उडी मारूनच बाहेर आली.

“काल दुपारी आलं.”

तिचा हात थांबला. “काल संध्याकाळी मी तुमच्याकडं होते.”

“हो.”

“तासभर बसले होते.”

“हो. आणि पत्र माझ्या खिशात होतं.” त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. “खूण इकडं आली, की माझ्या फाटकाला कोणी हात लावणार नाही. कोणीच नाही. काल एक संध्याकाळ… तुमची घाई कळूनही मला पत्र देता आलं नाही. रात्रभर लाज वाटली. सांगायला आलो.”

“चार दिवस आहेत माझ्याकडं!” तिचा आवाज चढला. “नोंद बदलायला तीन लागतात. तुमच्या एका संध्याकाळपायी माझं दुकान गेलं असतं, कळतंय तुम्हाला?”

“कळतंय.”

“मग बसा इथं. हलायचं नाही.”

तो मुकाट्यानं स्टुलावर बसला. कोपऱ्यात बसलेल्या वडिलांनी वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरलं. तिनं पाच आकडे भरले, एकदा तपासले, दुसऱ्यांदा तपासले; मग दाराबाहेर जाऊन दुकानाची पाटी, रस्ता, शटर अशा सगळ्याचे फोटो काढून पाठवले. परत आली तेव्हा तो तसाच बसला होता.

“आता जा,” ती म्हणाली. “आणि तीन दिवस मला तोंड दाखवू नका. माझं लक्ष उडतं.”

वडिलांचं वर्तमानपत्र थरथरलं. कंपानं की हसण्यानं, कोण जाणे.

ती तीन दिवस गेली नाही. चौथ्या दिवशी, महिन्याच्या अखेरच्या सकाळी, शटर निम्मं वर गेलं असतानाच एक अनोळखी बाई फोन समोर धरून चालत आल्या. पाटीकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं, आणि पिशवीतून पंपाची मोटार काढली.

“सरळ इथंच आणलं बघा यानं.”

दुपारपर्यंत आणखी चौघं आले. संध्याकाळी टेबलावर हात ठेवायला जागा नव्हती. वडील टेबलाभोवती एक फेरी मारून आले. प्रत्येक मोटारीवरची चिठ्ठी त्यांनी वाचली.

“दादाला कळव,” ते म्हणाले. “ती जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणावं.” आणि जरा थांबून, “शटर मी ओढतो. तू जा.”

“कुठं जाऊ?”

“ते मला कशाला विचारतेस?”

दातवाला आतल्या टेबलाशी होता. फाटकाचा आवाज आला तरी त्यानं मान वर केली नाही.

“मोटार असेल तर—”

“नाही.”

तो उठला. दारात आला. “खूण हलली… मी पाहिलं सकाळी. आज कोणीच आलं नाही इकडं.” त्यानं तिच्या रिकाम्या हातांकडं पाहिलं. “काही राहिलंय का?”

“काही राहिलेलं नाही. न्यायला काही नाही, आणायला काही नाही. पत्रही यायचं नाही.” तिनं श्वास घेतला. मोटारीच्या कामात घेते तसा, पहिला वेढा घालण्याआधी. “इतके दिवस मला इथं यायला काही ना काही कारण होतं. आज बाराशे चाळीस पावलं चालताना कारण शोधत होते. सापडलं नाही. म्हणून खरं ते सांगते. मला तुम्ही आवडता. मला रोज यायचंय.”

त्याच्या बोटांवरचं प्लास्टर वाळत चाललं होतं. त्यानं ते पुसायचा प्रयत्न केला, जमला नाही, आणि तसाच पांढरा हात पुढं केला.

“एवढा आवडतो तर,” तो हळूच म्हणाला, “फोनवर माझ्याबद्दल मत लिहाल?”

“लिहिणार नाही,” ती म्हणाली, आणि तो हात धरला. “तोंडानं सांगेन.”