तिरक्या व्रणाचा अंगठा

लोखंडाला आंघोळ घालायची आणि मग त्याला हात लावायचा नाही, एवढंच तर आपलं काम, असं बाबा म्हणायचे. म्हणायला काय जातंय! आधी गरम सोड्याच्या टाकीत तेल-वंगण काढायचं, मग ॲसिड, मग स्वच्छ पाणी, आणि मग मॅंगनीज फॉस्फेटची वाफाळती टाकी. पंधरा मिनिटांनी जाळी वर ओढली की चकचकीत गिअर काळाकरडा आणि खरखरीत होऊन निघायचा. तो थर तेल पिऊन बसतो आणि गंजाला दाराबाहेर उभं करतो. फक्त मधल्या वाटेत उघडं बोट लागता कामा नये. बोटाचं तेल लागलं तर तिथे थर धरत नाही, रेघांसकट फिकट ठसा राहतो.

चाळीस वर्षं बाबांनी हा नियम पाळला आणि लेकीलाही शिकवला. शाळेतून ती थेट इथे कारखान्यात यायची, उलट्या पिंपावर बसून वाफेच्या वासात गृहपाठ करायची. त्या वासाचं कुणाला काय वाटेल ते वाटो, तिला तो घराचा वास होता.

शेवटच्या वर्षी बाबांना नीट दिसेना. कारभार लेकीकडे आला होता. बाबा पाण्याच्या टाकीपाशी स्टूल टाकून बसायचे आणि जाळी समोरून जाताना हातमोजा काढून एखाद्या गिअरला अंगठा लावायचे. त्यांच्या अंगठ्यावर लेथने केलेला जुना तिरका व्रण होता, तोही ठशात उमटायचा. चोरी करायची आणि वर सही ठोकून जायचं, तसला प्रकार. लेक बिचारी तो थर उतरवायची, गिअर पुन्हा बुडवायची, माल पाठवायची. दोन गिऱ्हाइकांकडून गिअरचे दात तुटल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा तिने गिअर घडवणाऱ्याला दोष दिला.

एके दिवशी गिऱ्हाइकाचा इंजिनिअर समोर उभा असताना बाबांनी पुन्हा तेच केलं. तिचा संयम सुटला.

"बाबा, तुम्ही आता कशालाच हात लावू नका."

त्यांनी अंगठा मुठीत घेतला, बरं म्हणाले आणि घरी गेले. परत कारखान्यात आलेच नाहीत. घरी पाण्याचा पेला उचलतानाही विचारायचे, "लावू का हात?" ते चेष्टा करतात असं तिला वाटायचं. चार महिन्यांत ते गेले. आपलं ते एक वाक्य मात्र तिला काट्यासारखं सलत राहिलं.

वर्ष उलटलं आणि एका सकाळी जाळीतल्या गिअरवर फिकट ठसा दिसला. मधोमध तिरका व्रण.

ती विज्ञान शिकलेली बाई. तिने सगळ्यांचे अंगठे तपासले. बाबांच्या वेळेपासूनचे फोरमनकाका वैतागून म्हणाले की आता पायाचेही बघून घ्या. मग तिने भर दुपारी सगळ्यांना जेवायला पाठवलं, आतून कडी लावली, रबरी हातमोजे घातले आणि एकटीने जाळी चालवली. चोवीसपैकी दोन गिअरवर ठसा निघाला.

खरं तर भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं, आणि थोडं बरंही वाटलं. ते गिअर धुऊन काढायला तिचा हात धजेना. त्या दिवसापासून ठसा पडलेला प्रत्येक गिअर ती कपाटात ठेवू लागली, लोक फोटो ठेवतात तसा.

एकदा त्यातला एक हातातून निसटला आणि फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले.

फोरमनकाकांनी तुकडा उजेडात धरला. तुटल्या जागी अर्धा भाग काळपट होता.

"ताई, ही भेग आधीचीच आहे. टाकीतलं काळं आतपर्यंत गेलंय."

त्यांनी कपाट रिकामं केलं. ठसा असलेला एकूण एक गिअर हातोड्याच्या पहिल्या घावाला फुटला. तयार मालातले ठसा नसलेले मात्र खणखणीत वाजले.

लेक लहानपणीच्या त्या उलट्या पिंपावर बसली. डोळे गेलेला बाप अंगठ्याने भेगा शोधत होता आणि ती त्याच्या खुणा धुऊन माल पाठवत होती. त्याने कधी सांगितलं कसं नाही? पण तिने तरी कधी विचारलं होतं?

दुसऱ्या दिवशी जाळी पाण्यातून वर आली तेव्हा ती रिकाम्या स्टुलाकडे वळली.

"बाबा, चुकलं माझं. लावा हात, कशालाही लावा."

वाफ वर गेली. पंधरा मिनिटांनी तिने एकेक गिअर फिरवून पाहिला.

एकावरही ठसा नव्हता.

म्हणजे एवढ्यासाठीच थांबले होते. तिला हलकं वाटलं आणि फार एकटंही.

ती न्हाणीघरात गेली. एप्रन काढला, घामाने भिजलेला सदरा काढला, तोंडावर पाणी मारून आरशात पाहिलं.

डाव्या छातीवर, काखेच्या बाजूला, करडा डाग होता. तिने साबण लावला. निघाला नाही.

ती आरशाजवळ सरकली. डागात रेघा होत्या, आणि त्यांना छेदणारा तिरका व्रण.

तिने आपला अंगठा त्यावर हलकेच ठेवला. आत वाटाण्याएवढं काहीतरी होतं. दाबलं तरी हलत नव्हतं.

बाहेरून फोरमनकाकांनी विचारलं, आजचा माल कसा निघाला, पाठवायचा ना?

"पाठवा," ती म्हणाली. "गिअर सगळे चांगले आहेत, काका."