हसीनाची हाक

शिरूरला एस.टी. नवीनच सुरू झाली होती, तरी सुभानच्या टांग्याला गिऱ्हाईक होतं. दिवेलागणीच्या आधी घोडं नदीवर न्यायचं, पाणी पाजायचं आन् परतायचं, हा त्याचा नेम. त्याची बायको हसीना त्याच साली तापानं गेली. घरात तो आणि सहा वर्षांची मुमताज, एवढीच दोघं उरली होती.

एका संध्याकाळी घोडं पाणी पिता पिता फुरफुरलं. पलीकडच्या खडकावर कुणीतरी धुणं आपटत होतं. आपटायची ती लय सुभाननं झोपेतही ओळखली असती. त्यानं मान वर केली. हसीना होती.

तिनं वळून पाहिलं. ओल्या मातीचा वास दाटून आला. सुभानला रडू फुटलं. नुसती दिसली तरी पुरे, असं म्हणत तो घरी आला.

पण ते पुरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो पाण्याच्या कडेला बसला.

"एकदा हाक मार गं... पयल्यासारखी."

मग पलीकडून, अगदी हळू, आवाज आला.

"अवो..."

सुभान हसत घरी पोचला. दारात शेजारची बयाबाई मुमताजला छातीशी धरून बसली होती.

"सुभानभाऊ, पोरीची वाचाच बसली बघा. आत्ता माझ्याशी बोलत व्हती. बोलता बोलता गप झाली."

मुमताज तोंड उघडत होती. शब्द फुटत नव्हता.

तो तसाच नदीवर धावला.

"पोरीचा आवाज परत दे!"

"म्या न्हाई घेतला," हसीना रडत म्हणाली. "तुम्ही मागितला... आता काय बी मागू नगा. घरी जा."

तिचा हात पाण्यावर लांबला होता. तो एकदा हातात घ्यावा, एवढं एकच त्याच्या ओठांवर आलं. त्यानं ओठ दातांनी दाबून धरला, रक्त आलं. न बोलता तो मागं फिरला.

आठवड्याच्या आत त्यानं शिरूर सोडलं. दौंडला स्टेशनावर टांगा लावला. मुमताज मुकीच वाढली.

अलीकडं मात्र दुपारी डोळा लागला की मुमताज बोलते. आवाज तिचा नसतो, बाईमाणसाचा असतो.

"अवो... एकदा तरी या की..."

उशाशी सुभान बसलेला असतो. पोरीच्या कपाळावर घाम डवरतो, ओठ निळे पडत जातात. तिला हलवून जागं करायला तो हात पुढं करतो...

आणि तसाच धरून ठेवतो. अजून एकदा ऐकू दे, म्हणून.