मागचे हात

राहू द्या दिवा बंद. तुम्ही बसलाय ना, त्याच ओट्यासमोर हे घडलं. डोकमर्डीत आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते ती सोनाली. नाशिकची पोर, राखोलीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. विद्यापीठाच्या संघातून रग्बी खेळलेली, चांगली दणकट. पण कुणाचं लेकरू उचलायची नाही. आमचा नातू झेपावला, की ही हात मागे घ्यायची.

कारण गुड्डी, तिच्याच संघातली. त्या खेळात चेंडू मैदानाबाहेरून आत फेकतात, तेव्हा तो झेलायला एकीला दोघी मिळून वर उचलतात. गुड्डी वर जायची. पुढून सोनाली धरायची, मागून नीलिमा. हात घसरू नयेत म्हणून गुड्डीच्या मांड्यांना चिकटपट्टीचे जाड वेढे असत. एकदा सरावात गुड्डी वरून मानेवर पडली, आणि गेली. नीलिमा सगळ्यांना म्हणाली, सोनालीचे हात निसटले. उचलणारीचं डोकं खाली, तिला पलीकडचं काय दिसणार? सोनालीने मैत्रिणीचा शब्द खरा मानला. गुड्डीच्या आईच्या पाया पडून माफी मागून आली. तेव्हा नीलिमा तिच्या शेजारीच उभी होती.

याला आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी सोनालीने संघातल्या जुन्या मैत्रिणींना इथे बोलावलं. नीलिमा आली, सोनम आली. आम्ही गावाला गेलो होतो, त्यामुळे हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलेलं. रात्री दहाच्या सुमारास ती किलवणी नाक्यावर बर्फ आणायला गेली. परत येऊन फाटक लावते, तोच लाइट गेली.

"आले गं," अंगणात कुणीतरी म्हणालं.

उडी घेण्याआधी गुड्डी अशीच हाक द्यायची. सोनमने नक्कल केली असणार, असं सोनालीला वाटलं. ते तिला लागलं. तरी तिने पिशवी खाली ठेवली आणि सवयीने वाकली. अंधारात हाताला मांड्या लागल्या. चिकटपट्टीचे वेढे लागले.

तिने उचललं.

अलगद वर गेली. आणि मग...

वजन मागे कललं. मागे कुणी नव्हतं. सोनालीने बोटं रुतवली. खांदे थरथरले. सोडलं नाही.

"मागचे हात सुटले," वरून आवाज आला. हळू. "तुझे नाही."

लाइट आली.

अंगणात सोनाली एकटी. हात वर. रिकामे. सोनम आणि नीलिमा ओट्यावरच बसलेल्या, जागच्या हललेल्या नव्हत्या. पण आवाज त्यांनीही ऐकला होता.

"नीले..."

नीलिमाने ग्लास उचलला.

"नीले, माझे हात निसटले म्हणालीस तू."

"कॅप्टन तिला केलं होतं गं... राग आला होता. क्षणभरच सोडले. मग सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं," सोनाली म्हणाली. जिच्या शब्दावर विसंबून ती इतकी वर्षं स्वतःला खुनी समजत आली, ती समोर ग्लास धरून बसली होती. नीलिमा त्याच रात्री रिक्षा करून वापी स्टेशनला गेली. पुन्हा फोन नाही.

आठवड्याने आम्ही परतलो. सोनाली जिना उतरून आली आणि काही न बोलता नातवाला कडेवर घेतलं. तेव्हा मला तिचे तळवे दिसले. दोन्हींवर चिकटपट्टीच्या वेढ्यांचे वळ, लालबुंद, नुकतंच काहीतरी घट्ट धरल्यासारखे.

वर्ष झालं, वळ तसेच आहेत. तो बघा, वर दिवा लागला. आली ती कामावरून, मागच्या जिन्याने. आता चहा घेऊन खाली येईल. विचारू नका तिला काही. कप घेताना फक्त हात बघा.