रिकाम्या हुकावरचा बिल्ला

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांच्यावर बेतली त्या दोघांच्याच तोंडून ऐकलेली. बहिणीला वेगळं विचारलं, भावाला वेगळं. दोघांच्या सांगण्यात तसूभरही फरक नव्हता. फक्त एका जागी भाऊ गप्प झाला. ती जागा पुढे येईलच.

रात्र नव्हती. भर दुपार होती. संग्रहालयाचा सुट्टीचा वार. उंच काचांमधून ऊन थेट फरशीवर आलेलं.

संग्रहालय अंतराळ मोहिमांचं. मधल्या दालनात खरंखुरं रॉकेट उभं आहे. कधी उडालेलं नाही. जमिनीला जखडून इंजिनाच्या चाचण्या घ्यायच्या, त्यासाठी ते वापरत. चाचणी केंद्र मोडीत निघालं तेव्हा ते इथे आलं.

मोठी बहीण, म्हणजे सगळ्यांची ताई, तिथे मांडणीचं काम करते. कुठली वस्तू कुठे ठेवायची, कशी टांगायची, पाटीवर काय लिहायचं, सगळं तिच्याकडे. धाकटा भाऊ वीजजोडणी करतो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. कामामुळे, आणि डोक्यामुळेही.

दुसऱ्या दिवशी दालनाचं उद्घाटन होतं. बटण दाबलं की उलटी मोजणी सुरू होणार, लाल दिवे पेटणार, रॉकेटच्या पोटातल्या यंत्रातून धूर सुटणार, पायाखालची फरशी थरथरणार. ही सगळी जोडणी ठिणगीची.

राहिली होती ती एक फळी.

पितळी बिल्ल्यांची फळी. चाचणी केंद्रात जो कोणी रॉकेटवर कामाला चढे, तो आपला बिल्ला हुकावरून काढून खिशात टाकी. खाली उतरला की परत अडकवी. एकही हुक रिकामा दिसला तर समजायचं, कुणीतरी अजून आत आहे. मग इंजिन पेटवायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

तशी पाटी ताईनेच लिहिली होती.

आणि फळीवरचा एक हुक रिकामा होता. केंद्रातून आली तेव्हापासून. का, ते कुणालाच सांगता आलं नाही.

दालनप्रमुख सकाळी बघून गेले. "दात पडलेल्या माणसासारखी दिसतेय," म्हणाले. "एक बिल्ला करून लावा. कोण बघायला येतंय खरा की खोटा?"

ताईने बिल्ला आधीच करून घेतला होता. काळवंडून जुना दिसेल असाही केला होता. तिने तो हुकावर अडकवला...

आणि दालन मुकं झालं.

आवाज तसा आधीही नव्हता. पण त्या दालनात साधं पाऊल टाकलं तरी वरून पडसाद येतो. ताई दोन पावलं मागे सरकली. पडसाद आला नाही. तिने टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातात विरली.

"कुणाचा सत्कार चाललाय?" चहाचा पेला हातात घेऊन ठिणगी आत आला.

ताई बोलणार, तेवढ्यात...

टक... टक...

रॉकेटच्या पोटातून.

"उंदीर," ठिणगी म्हणाला.

"उंदीर कुरतडतो. दार वाजवत नाही."

"मग पाहुणा असेल. एक दिवस आधीच आलाय बिचारा."

टक... टक...

त्याने पेला खाली ठेवला. टॉर्च काढला.

"तू आत जाऊ नकोस," ताई म्हणाली.

"अगं, उद्या पाहुण्यांसमोर काही सुटून पडलं तर प्रमुख माझंच कातडं फळीवर टांगतील."

"वीज बंद आहे ना?"

त्याने शर्टाचा खिसा थोपटला. "मुख्य फ्यूज इथे आहे. हा खिशात असेपर्यंत दालनात काजवासुद्धा चमकायचा नाही."

रॉकेटच्या तळाशी एक चौकोनी झडप आहे. माणूस वाकून जेमतेम आत जाईल एवढी. ठिणगी आत सरकला. पाय दिसेनासे झाले.

"काय दिसतंय रे?"

"काही नाही. सगळं घट्ट आहे."

टॉर्चचा उजेड झडपेत इकडेतिकडे फिरला, मग एका जागी थांबला.

"ताई... तू पण आत आलीस का?"

"मी बाहेर आहे."



झडप हळूच मिटली. आपटली नाही. कुणीतरी झोपलेलं असताना दार लावावं, तशी.

आणि वरून आवाज आला...

"दहा..."

उलटी मोजणी.

"ताई, मस्करी पुरे."

"मी कशालाच हात लावलेला नाही."

"फ्यूज माझ्या खिशात आहे," ठिणगी म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता.

"नऊ..."

लाल दिवे लागले. झडपेच्या कडांमधून धूर झिरपू लागला. आत धुराचं यंत्र, आणि आतच तिचा भाऊ. ताईने झडप ओढली. त्या झडपेला कुलूप नाही, कडी नाही. तरी ती हलेना. ठिणगी आतून खोकत होता, पत्र्यावर मुठी मारत होता.

"सात..."

मुठी थांबल्या.

ताईने हाका मारल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत त्या पोचल्याच नाहीत. तिने मान वळवली आणि फळी दिसली. लाल उजेडात सगळे बिल्ले चमकत होते. एकही हुक रिकामा नाही.

फळी सांगत होती, आत कुणी नाही. खुशाल पेटवा.

ताई धावली. तिने स्वतः लावलेला बिल्ला धरला.

तो निघेना.

गंजला नव्हता, अडकला नव्हता. ताई म्हणते, वरून कुणीतरी अंगठ्याने दाबून धरावा, तसा होता. तिने दोन्ही हातांनी ओढला. नख मुळापासून तुटलं, तेव्हा कुठे तो हातात आला.

"तीन..."

पुढचा आकडा आला नाही.

दिवे गेले. ताईला वरून कुणीतरी धापा टाकत असल्याचा आवाज आला. घाबरून वर पाहिलं, तर तो तिच्याच श्वासांचा पडसाद होता.

झडप उघडली. ठिणगी रांगत बाहेर आला. डोळ्यांतून पाणी, नाकातोंडात धूर. ताईने त्याला पोटाशी धरलं. त्याचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. एका हाताने त्याने झडप उघडी धरली होती आणि तो आत बघत होता.

मागून कुणी यायचं असलं की आपण दार धरून थांबतो ना, तसा.

मग तो थोडा बाजूला सरकला. वाट दिली. आणि झडप लावली.

"कोण होतं आत?" ताईने विचारलं.

मीही त्याला हेच विचारलं. इथेच तो गप्प झाला.

फ्यूज त्याच्या खिशातच होता.

उद्घाटन नीट पार पडलं. ताईने हुक रिकामाच ठेवला. प्रमुख कुरकुरले, तिने कानाआड केलं. त्यानंतर तिथे ना ठकठक झाली, ना काही.

महिन्याभराने भावजयीचा फोन आला. "ताई, तुम्हीच विचारा ना यांना. घरात शिरतात आणि दार धरून उभे राहतात. लिफ्टमध्येही तेच. मागे तर कुणीच नसतं. शेजारी हसतात हो."

ताईने विचारलं. "सवय लागलीय," एवढंच म्हणाला.

मध्यंतरी ती त्याच्याकडे गेली. तो तिला घ्यायला बस थांब्यावर आला होता. दोघं बोलत बोलत घरी आले. ताई आत शिरली. मागोमाग तो आला आणि त्याने लगेच दार लावलं. कडीही घातली.

ताईला हायसं वाटलं. "सुटली म्हणायची सवय."

ठिणगी चपला काढत होता. मान वर न करता म्हणाला, "आता धरायचं कशाला? परवाच आला तो घरात."

ताई पाणीही न पिता निघाली. आता ती भावाला बाहेरच भेटते. भावजयीला काय सांगावं, ते तिला अजून सुचलेलं नाही.

मलाही नाही.